नियमांची फाइल माझ्या मशीनवर होती

सेलूला बाजार समितीच्या रस्त्यावर एका खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. चढायला अठरा पायऱ्या, जिन्यात खताचा उग्र वास, आणि वर गेलं की सहा कॉम्प्युटर. मालकांची तिथं आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टायपिंगला कोणी येईनासं झालं तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून काम मिळवलं. परदेशातली जुनी मासिकं स्कॅन होऊन यायची आणि आम्ही त्यांच्या मजकुराला खुणा घालून, म्हणजे एक्सएमएल करून, परत पाठवायचो. हे शीर्षक, हा लेखक, हा परिच्छेद, ही तळटीप. दिवसभर हेच. सोयरे विचारायचे, काय करता? मी कॉम्प्युटरचं म्हणायचो, आणि त्यांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं.

ऑफिसात मला सगळे सर म्हणत. शिक्षण डिप्लोमा, त्यातही एक विषय राहिलेला. पण एक गोष्ट मला जमली होती आणि ती तिथं दुसऱ्या कोणाला जमली नव्हती. त्या एका गोष्टीवर मी पुढं सहा-सात वर्षं ताठ मानेनं वावरलो, म्हणून ती जरा सांगतो.

कोणती खूण कुठं चालेल, कशाच्या आत काय येईल, काय असायलाच पाहिजे, याचे नियम एका वेगळ्या फाइलीत लिहिलेले असतात. तिला डीटीडी म्हणतात. आम्ही नुसतं नियमांची फाइल म्हणायचो. प्रत्येक लेखाच्या फाइलीत अगदी वर या नियमांच्या फाइलीचा पत्ता असतो, आणि एडिटर, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये आम्ही काम करायचो तो, त्या पत्त्यावर जाऊन नियम आणतो, लेख त्यांच्याशी ताडून बघतो आणि चुकलेल्या ओळी लाल करतो. आमच्या लेखांवरचा पत्ता परदेशातल्या सर्व्हरचा होता. म्हणजे सेलूच्या माडीवरची एक तळटीप जागेवर आहे का, हे विचारायला एडिटर दर वेळी समुद्रापलीकडं जायचा. आणि आमचं इंटरनेट शेजारच्या जिनिंग मिलचा भोंगा वाजला तरी बंद पडायचं.

त्याला उपाय आहे. एडिटरला एक छोटी यादी द्यायची, तिला कॅटलॉग म्हणतात. अमक्या पत्त्यावरची फाइल मागितली तर तिकडं जाऊ नको, या फोल्डरातली घे, एवढंच त्या यादीत असतं. पाहुण्याला वाटेतच गाठून, अहो तुमची माणसं तिकडं नाहीत, इकडंच राहतात, असं सांगावं तसं. ऐकायला सोपं आहे. मला त्याला चार दिवस लागले. फोल्डरच्या नावात एक मोकळी जागा होती म्हणून एडिटर रुसला, मग तिरप्या रेघा उलट्या पडल्या म्हणून रुसला, आणि सगळं बरोबर झाल्यावरही तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो हे कळायला माझा आणखी एक दिवस गेला. चौथ्या दिवशी इंटरनेट बंद असताना पहिल्यांदा लाल ओळी दिसल्या. चुका दिसल्या म्हणून आनंदानं पेढे वाटणारं आमचं एकच ऑफिस असेल.

आता माझी खोड. नियमांची फाइल मी फक्त माझ्या मशीनवर ठेवली आणि बाकी पाचही मशीनच्या कॅटलॉगमध्ये माझ्या मशीनचा पत्ता घातला. कारण असं सांगितलं की नियम बदलले तर एकाच जागी बदलता येतील. ते खोटं नव्हतं. पण सकाळी मी येऊन माझं मशीन चालू करेपर्यंत कोणाचंच काम नीट सुरू व्हायचं नाही. मी जिन्यात असतानाच वरून हाक यायची, "सर, चालू करा की लवकर, नियम सापडंना झालेत." ती हाक मला फार आवडायची. मालक माझ्या मशीनला सर्व्हर म्हणू लागले. तो सर्व्हर नव्हता, बाकीच्यांसारखाच एक कॉम्प्युटर होता, पण मी दुरुस्ती केली नाही.

आमच्यातली एक जण वालूरहून यायची, काळ्या-पिवळ्या जीपनं, सकाळी सगळ्यांच्या आधी. वय सव्वीस-सत्तावीस. सासर सोडून भावाकडं राहत होती. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, माझ्यापेक्षा लहान असूनही मीही. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तिला मिटता यायची नाहीत. ती नवऱ्यानं दारात चिरडली होती. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तेही मी टायपिंगचा वेग विचारला म्हणून. "आठ बोटानं करते सर, पन कमी पडनार न्हाई," म्हणाली. आणि खरंच कमी पडली नाही. सहा महिन्यांत तिच्या फाइलीत लाल ओळ सापडेना.

नोकरी तिच्यासाठी काय होती हेही मला माहीत होतं. डबा खाताना एकदा तिनं सरळच सांगितलं होतं. "मी कामाला येते तवर भाऊ ठिवतो. वैनी म्हनती, घरी बसायचं आसंल तर आपल्या घरी जाऊन बसा." आपलं घर म्हणजे ते दार. यापुढचं मी जे सांगणार आहे ते हे सगळं माहीत असताना केलेलं आहे.

तिनं मला दोनदा विचारलं होतं. "सर, ती नियमाची फाइल माझ्या मशीनवर बी ठिवा की. तुमी नसले की आडतंय." पहिल्या वेळी मी तिला एकाच जागी बदलण्याचं कारण समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी म्हणालो, "ताई, ते तुमी माझ्यावर सोडा." बाकीच्यांसमोर म्हणालो. ती बरं म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या वर्षी नवमीला एक खेप अडकलेली होती. दसऱ्याला सकाळी ती पुण्याला पोचायला हवी होती. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. जिनिंगमध्ये मशीन बंद ठेवतात, सुतार करवतीला हात लावत नाही. आमची हत्यारं कॉम्प्युटर. मालकांच्या आई या बाबतीत कडक होत्या. सगळीच बंद ठेवली तर खेप बुडते, म्हणून मालकांनी तोडगा काढला. सगळ्यांच्या वतीनं एकाच मशीनची पूजा करायची, ती सर्व्हरची. उरलेल्यांतलं एक चालू ठेवून काम संपवायचं. सगळ्यांना हे पटलं, आणि मला तर जास्तच. माझ्या मशीनला झेंडूचा हार, पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं, पुढं नारळ. वायर काढून गुंडाळून ठेवलेली, तीही मीच माझ्या हातानं काढली. ती काढताना नियमांची फाइल माझ्या मनात आली नाही. चार दिवस खपून जी व्यवस्था मी बसवली होती आणि जिच्या जिवावर मिरवत होतो, ती मी स्वतःच बंद केली, आणि पुढं उभा राहून आरती म्हटली.

काम संपवायला ताईच थांबणार होती. सणाच्या दिवशी वहिनीच्या माहेरची माणसं घरी येणार होती, त्यांच्यापुढं बसण्यापेक्षा तिला ऑफिस बरं वाटलं असावं. आरती झाल्यावर मालकांच्या आईंनी ऑफिसातल्या बायकांना हळदीकुंकू लावलं. दोघींना लावलं आणि करंडा मिटला. ती तिसरी उभी होती. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि मशीन चालू केलं. हे मी बघितलं, आणि मला वाईट वाटलं, आणि मी प्रसादाचा पेढा घेऊन घरी गेलो.

दुपारी जेवायला बसलो होतो तेव्हा तिचा फोन आला.

"सर, नियमाची फाइल सापडंना झालीय. तपासनी न करता पुढं जायचं का म्हनून इचारायलंय."

मी कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, "तुमचं मशीन चालू करू का? हार बाजूला ठिवते, झालं की परत घालते."

ही परवानगी तिनं का मागितली हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सकाळचं हळदीकुंकू झालं नसतं तर तिनं हार काढून मशीन चालू केलं असतं आणि मला फोनही केला नसता. आणि मी काय म्हणालो? "नको नको. पूजेतलं हाय ते, हात लावू नका. आईंना कळलं तर राडा व्हईल. ओके दाबा आन् तसंच पुढं जा."

मला मालकांच्या आईची भीती होती, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच आहे. मी काही फार देवभोळा नाही. घरच्या कोणी, किंवा ऑफिसातल्या त्या दोघींपैकी कोणी विचारलं असतं, तर करा चालू म्हणालो असतो. तिनं हार उतरवावा हे मला नको वाटलं. त्या करंड्यातलं काहीतरी माझ्यातही होतं. लिहिताना लाज वाटते, पण लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहायला पाहिजे.

"बरं," ती म्हणाली. "मग मी असंच करून ठिवते. उद्या तुमचं चालू झालं की परत तपासू, मग पाठवा."

मी हो म्हणालो आणि भाकरीकडं वळलो.

एडिटर दोन प्रकारे तपासतो. उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली आहे का, हे तो नियमांशिवायही बघू शकतो. खूण जागेवर आहे का, हे नियम असले तरच कळतं. नियम सापडले नाहीत आणि तुम्ही ओके दाबलं, तर तो फक्त पहिलं बघतो आणि बरोबरची हिरवी खूण दाखवतो. गंमत अशी की दोन्ही वेळी हिरवी खूण एकच. बघणाऱ्याला फरक कळत नाही. मला कळायला हवा होता, कारण हे सगळं मीच बसवलं होतं.

दसऱ्याला सकाळी मालकांचा फोन आला, खेप गेली का? मी ऑफिसात गेलो. हार उतरवला, नारळ बाजूला ठेवला, मशीन चालू केलं. तिचं मशीन रात्रभर चालूच होतं, त्यातलं फोल्डर मी माझ्या मशीनवरूनच उघडलं. तिच्या सगळ्या फाइलींपुढं आदल्या दिवशीच्या हिरव्या खुणा होत्या. ती अजून यायची होती, सणामुळं जीपा कमी होत्या. मी खेप पाठवून दिली आणि सोनं द्यायला निघून गेलो. परत तपासायचं म्हणाली होती हे मला आठवलं नाही. आठवलं असतं तर थांबलो असतो का, तेही आज सांगता येत नाही.

आठवड्यानं सगळी खेप परत आली. त्या अंकांतल्या तळटिपा परिच्छेदाच्या बाहेर पडलेल्या होत्या, एका तक्त्याची रचना वेगळी होती, आणि तीच चूक प्रत्येक फाइलीत गेली होती. नियम लागू असते तर पहिल्याच फाइलीला लाल ओळ दिसली असती आणि तिनं पुढच्या सगळ्या सुधारल्या असत्या. कंपनीनं कळवलं, तपासणी न करता काम पाठवलेलं दिसतं. ते कोणी केलं आणि त्याच्यावर काय कारवाई केली ते लिहून कळवा, नाहीतर पुढचं काम थांबवू.

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"सर, नियम नसले तर एडिटर सांगत न्हाई का?" त्यांनी मला विचारलं.

"सांगतो."

"मग?"

"विचारतो, तपासणी न करता पुढं जायचं का. ओके दाबलं की जातो."

"कोनी दाबलं ओके?"

"ताईंच्या मशीनवर झालंय ते काम," मी म्हणालो.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ती इतक्या वेळा मनात घोळवली आहेत की पाठ झालीत. तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, म्हणजे मला बोलायला वेळ होता. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर बघत होतो.

"मी दाबलं," ती म्हणाली.

"कामून?"

"मला वाटलं चालतंय."

ती माझं नाव घेईल अशी मी वाट बघत होतो. घेतलं असतं तर कबूल करायचं, असं मी तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं. किती सोयीचं ठरवणं. ती सरांचा मान ठेवते, असं त्या दिवशी मला वाटलं आणि बरंही वाटलं. फार नंतर डोक्यात उजेड पडला. सणाच्या दिवशी रिकाम्या ऑफिसातून तिनं एका पुरुषाला फोन केला, ही गोष्ट केबिनबाहेर पडून वालूरला पोचली असती, तर वहिनीनं तिचं काय केलं असतं, याचा हिशेब तिनं त्या खुर्चीत बसून केला होता. मला तो करायची गरजच नव्हती.

मालक वाईट नव्हते. कामावरून काढताना त्यांनी तिला महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं. ती थांबली नाही. डबा पिशवीत घातला, खुर्ची टेबलाखाली सारली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "येते सर." मी या म्हणालो.

ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नियमांची फाइल सगळ्या मशीनवर टाकली आणि प्रत्येकाच्या कॅटलॉगमध्ये ज्याच्या त्याच्या मशीनचा पत्ता घातला. पाच मशीनना मिळून दहा मिनिटं लागली.

तिच्या मशीनवर टाकताना एक नोट दिसली. पडद्यावर समोरच होती, लपवलेली नव्हती. नवमीला केलेल्या फाइलींची यादी, आणि खाली लिहिलेलं, 'नियम न लावता केल्या आहेत. सरांचं मशीन चालू झाल्यावर परत तपासून मगच पाठवायच्या.' दिनांक, वेळ, सगळं होतं. मालकांची केबिन सात पावलांवर होती आणि ते आत होते. मी ती नोट दोनदा वाचली. नवीन माणूस यायचा होता म्हणून मशीन कोरं करायचं ठरलेलं होतं. मी ते केलं.

महिना झाला नसेल, ऑफिसातल्या एकीनं जेवताना सांगितलं, "ताईला तिच्या भावानं नेऊन घातलं की सासरी. चार मानसं बसली व्हती म्हनं. नवऱ्यानं कबूल केलं की आता नीट नांदवीन." कोणी तरी म्हणालं, बरं झालं, मार्गी लागली. मीही मान हलवली.

पुढं ते कामच संपलं. खुणा घालायला आता माणसं लागत नाहीत. माडीवर हल्ली खताचंच गोदाम आहे. मी एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. तिथं माझं मशीन बंद असलं तरी कोणाचं काही अडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात जालन्याला निघालो होतो. देवगाव फाट्यावर एसटी चहाला थांबली. खाली उतरलो तर टपरीच्या सावलीला ती उभी होती. वाळली होती, केस पिकले होते. मी ओळखलं ते डाव्या हातावरून. पिशवी त्या हातात होती आणि दोन बोटं ताठ बाहेर आली होती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"सर," ती म्हणाली. तिनं मला आधीच बघितलं होतं.

मी हाताचं विचारलं. "पडले," ती म्हणाली. जिंतूरची गाडी बघायलेय म्हणाली. ऑफिस चालू आहे का विचारलं, मी बंद झालं म्हणून सांगितलं. मग म्हणाली,

"ती नियमाची फाइल मग टाकली व्हती का सगळ्याच्या मशीनवर?"

"टाकली," मी म्हणालो. "तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी."

"बरं केलं. किती येळ लागला?"

खोटं बोलता आलं असतं. "दहा मिनिटं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. जिंतूरची गाडी वळणावर दिसली. माणसं पिशव्या उचलून पुढं सरकली आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी केबिनमध्ये मी सांगायला पाहिजे होतं. ओके दाबा मीच म्हणालो होतो."

ती माझ्याकडं बघत राहिली, त्या दिवशी बघितलं होतं तशीच. या वेळी मी नजर काढली नाही.

"तवा सांगायचं व्हतं सर," ती म्हणाली.

गाडी थांबली. तिनं पिशवी कोपरात अडकवली, डाव्या हाताच्या तीन बोटांनी दांडी धरली आणि चढली.